बिल्ल्यावरचा कोड: १,२०० प्रतिनिधींच्या परिषदेचं एक प्रकरण

परिस्थिती

दोन दिवसांची परिषद आहे. १,२०० प्रतिनिधी, चार सभागृहं, एक प्रदर्शन कक्ष, दोन्ही दिवस दुपारचं जेवण आणि शेवटी हजेरीच्या तासांवर मिळणारं प्रमाणपत्र. आयोजकांना प्रत्येकाच्या गळ्यातल्या बिल्ल्यावर क्यूआर कोड हवा आहे आणि त्या एका कोडाकडून चार कामं हवी आहेत: मुख्य दारावर प्रवेश, सभागृहात हजेरी, जेवणाच्या कक्षात एका वेळी एकदाच प्रवेश, आणि प्रदर्शकांना इच्छुकांचा संपर्क.

हे प्रकरण कुठल्या एका परिषदेचं नाही. अशा कार्यक्रमांत ज्या चुका हमखास होतात त्या एकाच आराखड्यात आणल्या आहेत आणि हिशेबासह सोडवून दाखवल्या आहेत. माणसांचे आणि वेळेचे आकडे त्या हिशेबासाठी धरलेले आहेत. आपल्या कार्यक्रमाचे आकडे घालून तोच हिशेब करता येतो. कोडाच्या आकाराचे आणि क्षमतेचे आकडे मात्र क्यूआरच्या मानकातले आहेत, ते सगळीकडे तेच राहतात.

पहिला आराखडा असा होता. २५ मिमीच्या चौरसात कोड, त्यात प्रतिनिधीचं पूर्ण नाव, संस्था, फोन आणि ईमेल असलेलं व्हीकार्ड (फोनच्या संपर्कयादीत थेट साठवता येणारी नोंद), मधोमध परिषदेचं बोधचिन्ह, रंग परिषदेचा लाल. कोड बिल्ल्याच्या खालच्या कडेला. बिल्ला मऊ पीव्हीसीच्या पाकिटात, पाकीट एका हुकाच्या फितीला. छपाई ऐनवेळी, नोंदणीच्या खिडकीवरच्या २०३ डीपीआयच्या (इंचाला २०३ ठिपके) थर्मल, म्हणजे उष्णतेने छापणाऱ्या, लेबल प्रिंटरवर. हा प्रिंटर काळंच छापतो, म्हणून वक्त्यांचे आणि पाहुण्यांचे लाल कोडांचे बिल्ले आधीच छापखान्यातून आणायचे होते.

वीस बिल्ले छापून चाचणी घेतली, तेव्हा महागडे फोन कोड वाचत होते, साधे फोन अडखळत होते आणि हातातला स्कॅनर काही बिल्ल्यांवर नुसता लुकलुकत राहत होता. शिवाय तोच बिल्ला एका प्रिंटरवरून चांगला निघत होता आणि दुसऱ्यावरून वाईट. अशा वेळी दोष स्कॅनरवर ढकलायचा मोह होतो. इथे दोष कोडात काय भरलं होतं, त्यात होता.

कोडात भरलेला माणूस

क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत (आजच्या डेन्सो वेव्हमध्ये) मासाहिरो हारा यांच्या गटाने मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवायला तयार केला. तो बुद्धिबळाच्या पटासारखा घरांचा चौरस असतो. सगळ्यात लहान आवृत्तीत २१ बाय २१ घरं असतात, पुढच्या प्रत्येक आवृत्तीत बाजूला चार घरं वाढतात आणि चाळिसाव्या आवृत्तीत ती १७७ बाय १७७ होतात. मजकूर जितका जास्त तितकी घरं जास्त, आणि कागदावरची जागा तेवढीच असल्यामुळे प्रत्येक घर तितकं बारीक. बिल्ल्यावरच्या कोडाची निम्मी दुखणी इथून सुरू होतात.

देवनागरी मजकूर यात किती जागा खातो, याचा अंदाज बहुतेकांना नसतो. अक्षरं संगणकात साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते, आणि खूण म्हणजे अक्षर नव्हे. व्यंजन, मात्रा आणि हलन्त वेगवेगळे मोजले जातात. ‘प्रज्ञा’ हे नाव डोळ्यांना दोन अक्षरांचं दिसतं. संगणकासाठी ते प, हलन्त, र, ज, हलन्त, ञ, काना अशा सात खुणा आहेत, म्हणजे २१ बाइट. १८ खुणांचं पूर्ण नाव व्हीकार्डात दोनदा येतं, ते झाले १०८ बाइट. ३० खुणांचं संस्थेचं नाव ९०. फोन आणि ईमेल मिळून ४०, व्हीकार्डाच्या ठरलेल्या ओळींचे ८०. एकूण ३२० च्या घरात.

कोडाचा काही भाग बिघडला तरी तो वाचता यावा म्हणून त्यात दुरुस्तीचा जादा मजकूर असतो, आणि त्याच्या एल, एम, क्यू, एच अशा चढत्या पातळ्या असतात. मधल्या एम पातळीवर एवढा मजकूर तेराव्या आवृत्तीत बसतो. तिची क्षमता ३३१ बाइट आहे आणि घरं ६९ बाय ६९. कोडाच्या चारही बाजूंना चार घरांइतकी कोरी किनार लागते, ती धरून ७७ घरं. आता प्रिंटरकडे बघू. २०३ डीपीआय म्हणजे दर मिलिमीटरला ८ ठिपके, आणि २५ मिमी म्हणजे २०० ठिपके. २०० भागिले ७७ केलं की एका घराच्या वाट्याला २.६ ठिपके येतात. अर्धा ठिपका प्रिंटर छापू शकत नाही. मग ‘२५ मिमीत बसवा’ म्हटल्यावर तो काही घरं दोन ठिपक्यांची काढतो आणि काही तीन ठिपक्यांची. भिंगाखाली धरलं तर घरांच्या रांगा एकसारख्या रुंदीच्या नसल्याचं दिसतं. चांगला फोन हे सांभाळून घेतो, जुना घेत नाही.

त्यात प्रिंटरच्या हेडवर, म्हणजे कागद तापवून छापणाऱ्या पट्टीवर, एखादा धुळीचा कण बसला की कागद सरकतो त्या दिशेला एका ठिपक्याची पांढरी रेघ उमटते. घर दोन ठिपक्यांचं असेल तर त्या रेघेने ते अर्धं खाल्लं. हेडची उष्णता वाढवली तर उलटं होतं, काळं पसरतं आणि मधली पांढरी घरं बुजतात. प्रिंटरागणिक निकाल बदलत होता तो या दोन्हींमुळे.

कोडात काय ठेवावं

उपाय ठिपके वाढवण्यात नाही. ३०० डीपीआयचा प्रिंटर आणून हाच कोड छापता येतो, पण प्रत्येक बिल्ल्यावर माणसाचा फोन नंबर उघडा पडलेला राहतो. गळ्यातल्या बिल्ल्यासह काढलेला फोटो समाजमाध्यमावर गेला की हा कोड त्या फोटोतूनही वाचता येतो. आपल्या छातीवर आपला ईमेल लटकतो आहे, हे ज्याचा बिल्ला आहे त्याला दिसतही नाही, कारण माणसांना काळी-पांढरी घरं वाचता येत नाहीत. म्हणून आमचं मत ठाम आहे: कोडात माणूस नको, फक्त त्याच्या बिल्ल्याची एक निरर्थक खूण हवी. नाव, संस्था, वर्ग (प्रतिनिधी, वक्ता की पाहुणा), पैसे भरल्याची नोंद हे सगळं सर्व्हरवर राहावं.

ही खूण म्हणजे टोकन. त्याची रचना अशी ठरली: दहा यादृच्छिक चिन्हं आणि एक तपासणी चिन्ह. चिन्हं ३२ आहेत, म्हणजे दहा अंक आणि कॅपिटल इंग्रजी अक्षरांपैकी आय, एल, ओ आणि यू सोडून बाकीची २२. पहिली तीन वगळायची कारण ती १ आणि ० सारखी दिसतात. यू वगळल्याने नको ते शब्द बनायची शक्यता कमी होते. दहा चिन्हांच्या शक्य जोड्या ३२ चा दहावा घात, म्हणजे १ वर १५ शून्यांहून थोड्या जास्त. त्यातली १,२०० टोकनं खरी. कुणी मनाने टोकन बनवून पाहिलं तर ते खरं निघण्याची शक्यता सुमारे ९४ हजार कोटींत एक. नोंदणी क्रमांक ००१ ते १२०० असा सरळ कोडात घातला असता तर शेजाऱ्याचा बिल्ला बनवायला एक मिळवणं पुरलं असतं.

तपासणी चिन्ह कोडासाठी लागत नाही, क्यूआरची स्वतःची दुरुस्ती पुरेशी असते. ते लागतं कोड फाटल्यावर किंवा भिजल्यावर स्वयंसेवक टोकन हाताने टाइप करतो तेव्हा. एक चिन्ह चुकलं तर पडद्यावर ‘टोकन चुकलं’ असं तिथल्या तिथे येतं. ‘नोंद सापडली नाही’ असं येत नाही. दोन्ही संदेशांत मोठा फरक आहे, कारण दुसरा वाचून स्वयंसेवक समोरच्या माणसावर संशय घेतो.

नुसतं टोकन छापलं असतं तर एल पातळीवर सोडाच, चढ्या क्यू पातळीवरही पहिल्याच आवृत्तीत बसलं असतं. पण प्रतिनिधी एकमेकांचे बिल्ले साध्या फोनने स्कॅन करणार, आणि तेव्हा नुसत्या टोकनाचं फोन काय करेल याचा भरवसा नाही. म्हणून टोकनापुढे परिषदेच्या संकेतस्थळाचा पत्ता जोडला, आणि तो सगळा कॅपिटल अक्षरांत. याला कारण आहे. क्यूआरची एक खास अक्षरपद्धत फक्त ४५ चिन्हांची असते: अंक, कॅपिटल इंग्रजी अक्षरं, मोकळी जागा आणि अपूर्णविराम, तिरकी रेघ, टिंब, उणे अशी काही चिन्हं. तिच्यात मजकूर बराच कमी जागेत बसतो. एक जरी लहान अक्षर आलं तरी कोड बनवणारी बरीच सॉफ्टवेअरं सगळा मजकूर जास्त जागा घेणाऱ्या बाइट पद्धतीने भरतात.

दुसऱ्या आवृत्तीत, एम पातळीवर या पद्धतीने ३८ चिन्हं मावतात. सुरुवातीच्या एचटीटीपीएस, अपूर्णविराम आणि दोन तिरक्या रेघांची ८, टोकनाआधीच्या तिरक्या रेघेचं १, टोकनाची ११. संकेतस्थळाच्या नावाला १८ चिन्हं उरतात. हाच पत्ता लहान अक्षरांत लिहिला असता तर तिसरी आवृत्ती लागली असती. संकेतस्थळाच्या नावात लहान-मोठ्या अक्षरांनी फरक पडत नाही, पण त्यापुढच्या भागात पडू शकतो. टोकन कॅपिटल अक्षरांतच येईल हे सर्व्हर लिहिणाऱ्याला आधी सांगून ठेवावं लागतं.

दुसरी आवृत्ती २५ बाय २५ घरांची. किनार धरून ३३ घरं. प्रत्येक घर ६ ठिपक्यांचं धरलं तर १९८ ठिपके, म्हणजे २४.७५ मिमी. त्याच २५ मिमीच्या जागेत घर दोन-अडीच ठिपक्यांवरून सहा ठिपक्यांवर गेलं आणि प्रत्येक घर सारखं आलं. आता हेडवरची एका ठिपक्याची रेघ घराचा फक्त सहावा भाग खाते.

पत्ता लहान करून देणाऱ्या किंवा ‘बदलता येणारा कोड’ विकणाऱ्या बाहेरच्या सेवेचा दुवा बिल्ल्यावर छापू नये. त्या सेवेची वर्गणी संपली की छापलेले सगळे कोड एका क्षणात मुके होतात, आणि दरम्यान कोण कुणाला कधी स्कॅन करतं आहे याची नोंद तिसऱ्याच्या घरी जमा होते.

रंग, बोधचिन्ह, अंगठा

बोधचिन्ह काढलं. एम पातळीवर सुमारे १५ टक्के मजकूर बिघडला तरी परत मिळवता येतो, पण हे भांडवल चुरगळण्यासाठी, ओरखड्यांसाठी आणि भिजण्यासाठी आहे. बोधचिन्हाने ते आधीच खर्च केलं तर दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत काही उरत नाही. लाल रंगही गेला. बऱ्याच स्कॅनरांचा प्रकाश लाल असतो आणि त्या उजेडात लाल शाई त्यांना पांढऱ्या कागदासारखीच दिसते. काळ्यावर पांढरा असा उलटा कोडही टाळावा. फोन तो वाचतात, काही स्कॅनरांत त्यासाठी वेगळी मांडणी चालू करावी लागते.

कोडाची जागा हा मुद्दा आराखड्यात सगळ्यात उशिरा येतो आणि दारावर सगळ्यात आधी नडतो. माणूस बिल्ला पुढे करताना तो खालच्या कडेला धरतो आणि अंगठा वर येतो. कोड खालच्या कडेला असेल तर अंगठा नेमका कोडाच्या एका कोपऱ्यावर बसतो. तिथे दुरुस्ती पातळी कामाला येत नाही. तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन कोड शोधण्यासाठी असतात, ते मजकुराचा भाग नसतात. त्यातला एक झाकला की वाचकयंत्राला इथे कोड आहे हेच कळत नाही.

शेवटी बिल्ला असा ठरला: ए६ आकाराचं, १०५ बाय १४८ मिमीचं उभं जाड कार्ड, ३०० जीएसएमचं, वर दोन टोकांना दोन छिद्रं आणि त्यातून आधीच ओवलेली फीत. वरच्या २५ मिमीत परिषदेचं नाव आधी छापलेलं. त्याखाली १०० बाय ७० मिमीचं लेबल, त्यात वर नाव आणि खाली उजवीकडे कोड. खालचे ५० मिमी वर्गाच्या रंगाचे, आणि हाताला धरायला मोकळे. दोन छिद्रांमुळे बिल्ला उलटा फिरत नाही. एका हुकाचा बिल्ला दर दोन पावलांना पाठ दाखवतो.

पाकीट पूर्णच गेलं. त्याचे तोटे तीन होते. चकचकीत प्लास्टिकवर स्कॅनरचा प्रकाश परत फिरतो आणि कोडाच्या मधोमध पांढरा डाग दिसतो. मऊ पीव्हीसीतली रसायनं थेट उष्णतेने छापलेलं लेबल हळूहळू फिकं करतात. तिसरा तोटा रांगेचा, तो पुढे येईल. पाकीट ठेवायचंच असेल तर पॉलिप्रॉपिलीनचं, खरखरीत पृष्ठभागाचं घ्यावं आणि बिल्ला स्कॅनरसमोर थोडा तिरका धरायला सांगावं. पाकीट नसेल तर लेबल वरून लेप दिलेलं हवं, नाहीतर घाम आणि हाताला लावायचं सॅनिटायझर त्यावर डाग पाडतात.

नाव हे पहिलं

बिल्ला मुळात माणसांनी माणसांना वाचावा म्हणून असतो, हे कोडाच्या नादात विसरलं जातं. नावाला लेबलाची पूर्ण रुंदी दिली आणि पहिलं नाव आडनावापेक्षा मोठं ठेवलं. देवनागरीत वर वेलांटी-रफार आणि खाली उकार येतात, म्हणून त्याच मापाचं नाव इंग्रजीपेक्षा लहान दिसतं आणि दोन ओळींत जास्त अंतर लागतं.

इथे थर्मल प्रिंटरची एक खोड माहीत हवी. त्याच्या आतल्या टंकांना (फॉन्टना) देवनागरीची जोडणी बहुधा जमत नाही: जोडाक्षरं सुटी होतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर जाऊन बसते. म्हणून नाव संगणकावर चित्र बनवून पाठवावं. कोड मात्र चित्र म्हणून पाठवू नये. तो प्रिंटरच्या स्वतःच्या आज्ञेने काढावा, कारण तिथे ‘एक घर सहा ठिपक्यांचं’ असं थेट सांगता येतं. नाव चित्रातून आणि कोड आज्ञेतून, अशी दोन वाटांची छपाई एकाच लेबलावर व्यवस्थित चालते. दोन्ही एका पानावर मांडून ‘पानाला बसवा’ म्हटलं की पुन्हा तेच अडीच ठिपके.

‘कऱ्हाडे’, ‘गोऱ्हे’ अशी आडनावं चाचणीत मुद्दाम घालावीत. यादी एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेताना न दिसणारी चिन्हं साफ करणारी एखादी पायरी असते. नाव साध्या र, हलन्त आणि जोडचिन्ह वापरून टाइप केलेलं असेल तर ते जोडचिन्ह त्यात उडतं आणि ‘ऱ्हा’चा ‘र्हा’ होतो. आपलं आडनाव चुकीचं छापलेला बिल्ला दोन दिवस गळ्यात घालणं कुणालाही आवडत नाही.

रांगेचा हिशेब

पहिल्या सकाळी ४५ मिनिटांत ९०० जण येतील असं धरलं, म्हणजे मिनिटाला २०. पहिल्या आराखड्यात खिडकीवरचा वेळ असा होता: ईमेलवर पाठवलेला कोड स्कॅन करायला ३ सेकंद, छपाईला ४, लेबल कार्डावर, कार्ड पाकिटात आणि पाकीट हुकात अडकवायला १४, बोलायला ४. एकूण २५ सेकंद, खिडकीला मिनिटाला २.४ माणसं, म्हणजे नऊ खिडक्या.

जलद स्कॅनर आणून यातले तीन सेकंद दोन होतील, एवढंच. खरा वेळ पाकिटात होता. फीत आधीच ओवलेल्या कार्डावर नुसतं लेबल चिकटवायला ४ सेकंद पुरतात. एकूण १५ सेकंद, मिनिटाला ४, पाच खिडक्या. सहावी राखीव ठेवली आणि सातवी, थोडी बाजूला, फक्त अडचणींसाठी. ज्याचं नाव सापडत नाही, पैशांची नोंद नाही किंवा स्पेलिंग चुकलं आहे, त्याला रांगेतून लगेच तिकडे न्यायचं. ही सातवी खिडकी नसेल तर एका अडचणीमागे वीस माणसं उभी राहतात.

अडचणीच्या खिडकीवर शोध फोनच्या शेवटच्या चार अंकांनी घ्यावा. नावाने शोधताना ऱ्हस्व-दीर्घात आणि इंग्रजी स्पेलिंगच्या प्रकारांत वेळ जातो.

फोनच्या पडद्यावरचा कोड वाचायला कॅमेऱ्यासारखा इमेजर स्कॅनर लागतो. फक्त रेघांचे बारकोड वाचणारा जुना लेझर स्कॅनर क्यूआर वाचतच नाही, आणि पडद्यावरचे साधे बारकोडही त्याला सहसा दिसत नाहीत.

स्कॅनर मराठी टाइप करतो तेव्हा

यूएसबी स्कॅनर बहुधा कळफलक असल्याचं सोंग घेतो: कोडातली अक्षरं जणू कुणी टाइप केली अशी संगणकाला पाठवतो आणि शेवटी एंटर मारतो. नावं दुरुस्त करायला त्याच संगणकावर मराठी इन्स्क्रिप्ट कळफलक चालू केलेला असेल, तर पुढच्या स्कॅनला इंग्रजी के च्या जागी ‘ख’ येतो आणि एच च्या जागी ‘फ’. पडद्यावर ‘टोकन चुकलं’ येत राहतं, स्वयंसेवक बिल्ला पुसतो, स्कॅनर बदलतो, आणि बिल्ला व स्कॅनर दोन्ही निर्दोष असतात. कॅप्स लॉक चालू राहिल्यासही असंच काहीसं होतं, मोठी अक्षरं लहान होऊन येतात.

दोन उपाय एकत्र वापरले. स्कॅनर कळफलक पद्धतीऐवजी आभासी सिरियल पोर्टवर लावला, म्हणजे तो अक्षरं टाइप न करता थेट सॉफ्टवेअरला देतो. बहुतेक इमेजर स्कॅनरांच्या पुस्तिकेत त्यासाठी एक कोड असतो, तो स्कॅन केला की पद्धत बदलते. आणि नावदुरुस्तीचा संगणक वेगळा ठेवला. सिरियल पद्धत जमत नसेल तर निदान सॉफ्टवेअरने टोकनाच्या जागी देवनागरी अक्षर दिसताच ‘कळफलक इंग्रजी करा’ असं स्पष्ट सांगावं.

दारावर

सभागृहाच्या दारावर फोनमधलं ॲप ठेवलं. अंतराचा ढोबळ नियम असा की कोडाच्या बाजूच्या दहापट अंतरापर्यंत वाचन सुखाचं होतं. आपला कोड किनार सोडून १८.७५ मिमीचा, म्हणजे १५ ते २० सेंटिमीटर. एवढ्या अंतरासाठी बिल्ला प्रतिनिधीनेच हातात धरून पुढे करायचा. स्वयंसेवकाने कुणाच्या छातीजवळ फोन नेऊ नये आणि फितीला हात घालू नये. हे प्रशिक्षणात शब्दांत सांगावं लागतं, गृहीत धरू नये. व्हीलचेअरवरच्या व्यक्तींसाठी एका दारावर कमी उंचीच्या स्टँडवर स्कॅनर ठेवला, म्हणजे बिल्ला त्यांना स्वतः दाखवता येतो.

स्कॅननंतर पूर्ण पडद्यावर मोठा शब्द, रंग आणि वेगळा आवाज यावा. नुसता लाल-हिरवा रंग पुरत नाही, काहींना त्यातला फरक दिसत नाही. शब्द चारच: ‘या’, ‘आधी नोंद झाली’, ‘रद्द बिल्ला’, ‘अनोळखी’. सोबत नाव आणि वर्ग, बाकी काही नाही. नाव दाखवण्याचं कारण फोटोवरून नक्कल केलेला कोड. पडद्यावरचं नाव आणि बिल्ल्यावरचं नाव जुळतं का, हे बघायला एक नजर पुरते.

‘आधी नोंद झाली’ म्हणजे लबाडी नव्हे. बहुतेक वेळा माणूस बाहेर जाऊन परत आलेला असतो, किंवा फोनने एकच कोड दोनदा वाचलेला असतो. म्हणून पाच सेकंदांच्या आत आलेला तोच स्कॅन मोजलाच नाही, सभागृहात पुन्हा प्रवेशाला ‘या’ म्हटलं, आणि ‘आधी नोंद’ फक्त जेवणाच्या कक्षात त्या वेळेपुरती लागू ठेवली. पहिल्या नोंदीची वेळ आणि दार पडद्यावर दिसलं की वाद तिथेच मिटतो.

बिल्ला हरवला तर नवा बिल्ला नव्या टोकनाचा, जुनं टोकन रद्द. यासाठी माहितीसाठ्यात व्यक्ती आणि बिल्ले यांचे तक्ते सुरुवातीपासून वेगळे हवेत: व्यक्ती एक, तिचे बिल्ले कितीही. टोकन व्यक्तीच्याच ओळीत लिहिलं असेल तर दुसरा बिल्ला देताना पहिल्या दिवसाची हजेरी पुसली जाते.

इंटरनेटचं जाळं बंद पडेल हे धरूनच चालावं. १,२०० टोकनांची यादी अगदी लहान असते, ती प्रत्येक फोनवर सकाळी उतरवून घेतली. प्रत्येक स्कॅन आधी फोनवर, फोनचा क्रमांक, चालू अनुक्रमांक आणि वेळ यांसह नोंदवला जातो आणि जाळं आल्यावर वर जातो. तोच स्कॅन दोनदा वर गेला तरी फोन क्रमांक आणि अनुक्रमांकाच्या जोडीवरून सर्व्हर तो एकदाच धरतो. किंमत एवढीच की तासाभरापूर्वी रद्द झालेला बिल्ला जाळ्यापासून तुटलेल्या फोनवर चालून जाईल. ती पत्करली, कारण पर्याय म्हणजे दार बंद ठेवणं. सगळ्या फोनांची घड्याळं सकाळी शेजारी ठेवून जुळवावीत. हजेरीचे तास यांवरच मोजले जाणार असतात.

किती दारांवर स्कॅन करायचा, याचाही हिशेब हवा. एका सभागृहात दहा मिनिटांत ३०० जण येतात, म्हणजे मिनिटाला ३०. प्रत्यक्षात एका माणसामागे पाच सेकंद जातात, म्हणजे एका स्वयंसेवकाला १२. तीन माणसं एका सभागृहाला, चार सभागृहांना बारा. तास फक्त दोन सभागृहांतल्या सत्रांचे मोजायचे होते, म्हणून स्कॅन तिथेच ठेवला आणि बाकी दोन्हींत हातातल्या मोजणी यंत्राने डोकी मोजली. बाहेर पडतानाचा स्कॅन लोक करत नाहीत, कितीही सूचना लावा. त्यामुळे प्रमाणपत्रासाठी सत्राच्या सुरुवातीचा आणि मधल्या सुट्टीनंतरचा, असे दोन प्रवेश धरले.

प्रदर्शन कक्ष

इथे कोडाचा अर्थ बदलतो. दारावर तो ‘मला आत येऊ द्या’ म्हणतो, प्रदर्शकाच्या टेबलावर ‘माझा संपर्क घ्या’. दोन्हींना एकच संमती धरणं चूक आहे. नोंदणी अर्जात संपर्क देण्याची संमती वेगळ्या, आधी खूण न केलेल्या चौकटीत मागितली. संमती नसेल तर प्रदर्शकाच्या ॲपला ‘संपर्क दिलेला नाही’ एवढंच दिसतं. असेल तर नाव, संस्था आणि ईमेल मिळतो, फोन नाही. संध्याकाळी प्रत्येक प्रतिनिधीला आज त्याचा बिल्ला कुणी-कुणी स्कॅन केला याची यादी ईमेलने जाते आणि त्यातलं कुठलंही नाव त्याला काढता येतं.

कुणी साध्या फोनने बिल्ला स्कॅन केला तर संकेतस्थळाचं पान उघडतं, पण लॉग-इन केल्याशिवाय त्यावर नाव येत नाही. एकाच ठिकाणाहून चुकीची टोकनं भराभर येऊ लागली तर सर्व्हर त्याला थांबवतो.

चाचणी आणि समारोपाचं काम

कोडाच्या छपाईचा दर्जा मोजायला आयएसओ-आयईसी १५४१५ हे मानक आहे आणि त्याची यंत्रं मिळतात. बिल्ल्यांसाठी साधी चाचणी पुरते: प्रत्येक प्रिंटरवर वीस बिल्ले, त्यात सर्वांत लांब नाव, सर्वांत छोटं नाव आणि ‘ऱ्ह’ असलेलं आडनाव, चार वेगवेगळे फोन, त्यातला एक जुना, दिवे मंद करून, २० सेंटिमीटरवरून. एक बिल्ला चुरगळून, एक ओल्या बोटाने पुसून. बिल्ल्यावर कोडाखाली टोकन तीन-चार-चार चिन्हांच्या गटांत छापलेलं असतं, ते एकदा हाताने टाइप करून पाहावं.

प्रत्येक खिडकीवर लेबलाचं एक राखीव बंडल, हेड पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोलचे बोळे, आणि प्रत्येक दाराला एक पॉवर बँक. लेबल बदलणं किमान दोघांना यायला हवं.

परिषद संपली त्या रात्री सगळी टोकनं निष्क्रिय केली, म्हणजे फोटोंमध्ये राहिलेले कोड आता काहीच उघडत नाहीत. स्वयंसेवकांच्या फोनांतली यादी ॲपने पुसली, पण त्याआधी प्रत्येक फोनवरचे न पाठवलेले स्कॅन शून्य झाल्याचं पाहिलं. क्रम उलटा झाला तर एखाद्या दाराची दुपारभराची हजेरी यादीबरोबरच जाते.

प्रमाणपत्रं निघाल्यावर आणि तक्रारींची ठरलेली मुदत संपल्यावर सत्रागणिक हजेरीतली नावं काढून फक्त संख्या ठेवली. फीत आणि कार्ड परत घेण्यासाठी दारावर पेटी ठेवली होती. त्यातल्या कार्डांवरची नावाची लेबलं सोलून फाडली आणि फिती पुढच्या वेळेसाठी गुंडाळून ठेवल्या.